खरखर कोणती, तंबोरा कोणता

घरातील जुन्या लाँग प्ले रेकॉर्ड संगणकात उतरवून ठेवाव्यात, हा विचार कितीही सात्त्विक असला तरी तो संसाराला घातक आहे, हे नौपाड्यातील आमच्या घरात आता सर्वमान्य झाले आहे.

पहिल्या दिवशी लॅपटॉपमधून जो पातळ, चिरका आवाज आला, तो ख्यालगायकाचा आहे हे केवळ वेष्टनावरील छायाचित्रावरून ओळखावे लागले. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरच्या पट्टीचे ध्वनी उचलून धरतात; वाजवताना १९५४ पासून रूढ झालेल्या ‘आरआयएए’ या अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेच्या वक्राप्रमाणे हे सारे उलटे फिरवावे लागते. ते काम फोनो प्रीअ‍ॅम्प नावाची डबी करते आणि पिनेकडून येणारा चार-पाच मिलिव्होल्टचा क्षीण संदेशही तीच वाढवते. लॅपटॉपच्या माइकच्या भोकाला यातले काहीच ठाऊक नसते.

डबी आली, आवाजाला अंग आले आणि पाठोपाठ घरच्या विजेची ५० हर्ट्‌झची घुंघुंही आली. रेकॉर्ड प्लेअरची अर्थिंगची तार डबीच्या स्क्रूखाली आवळल्यावर ती ओसरली, चार्जर काढल्यावर आणखी ओसरली, आणि उरलीसुरली गुणगुण पंख्याच्या रेग्युलेटरची निघाली. पंखा बंद झाला. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना मुद्रणात ‘टक्’ असा ठोका पडत होता, म्हणून रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटे, फ्रिजही बंद झाला. मिक्सरवर तर संचारबंदीच आली.

“अहो, मे महिन्यात ठाण्यात पंखा बंद करून गाणं ऐकण्यापेक्षा मासुंदा तळ्याच्या काठी जाऊन बसू. तिथे वारा तरी आहे,” असे हिने सुचवले. ते वाक्य मुद्रित झाले नाही, कारण पिनेला फक्त खाचेतले ऐकू येते. या यंत्रातील ही एकमेव सौजन्याची गोष्ट.

खरी परीक्षा पुढे होती. घणसोलीहून आलेल्या भाच्याने ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर उघडले आणि “मामा, तुम्ही फक्त बघा,” म्हणत गायक गाऊ लागण्यापूर्वीचे काही सेकंद खरखरीचा नमुना म्हणून निवडले. ख्यालात गायकाच्या आधी तंबोरा सुरू झालेला असतो, ही बाब अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात नसावी. संगणकाने अखंड, एकसुरी वाजणारा तो तंबोरा इमानेइतबारे धुऊन काढला. मग ‘टिकटिक काढा’ या आज्ञेसरशी तबल्याच्या चाटीवरचे बोलही वेचले. उरलेले बुवा पाण्याच्या टाकीत बसून गात असल्यासारखे भासत होते. “किती क्लीन झालंय!” भाचा म्हणाला.

आता नमुना घ्यायचा तो पिन टेकल्यापासून तंबोरा छेडला जाईपर्यंतच्या खाचेचा, आणि खरखर सहा डेसिबलांहून अधिक पुसायची नाही, असे मी ठरवून टाकले आहे. थोडी खरखर राहिली तर कान तिला सरावतो. तंबोऱ्यावाचून मात्र बुवांचा षड्‌ज अधांतरी लोंबकळतो. ओरखड्यांचे ठोके हाताने दुरुस्त करावे लागतात. ही दुरुस्ती एका वेळी फार तर १२८ ‘सॅम्पल्स’ची, म्हणजे संगणकाने टिपलेल्या आवाजाच्या सुट्या मोजमापांची, होते आणि एका सेकंदात अशी ४४,१०० मोजमापे असतात. म्हणजे एका खेपेला सेकंदाचे तीन सहस्रांशही पुरते साफ होत नाहीत. हा हिशेब मी मोठ्या उत्साहाने हिला समजावून सांगितला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि उठून पंखा पाचवर केला.