लाल गोळी फेकू नका

चोपडा, यावल, शिरपूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. गरोदर बायकांना अंगणवाडीत मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळीतलं फॉलिक ॲसिड ‘केमिकल’ आहे, निम्म्या लोकांच्या अंगी ते लागतच नाही, रक्तात साचून कॅन्सर होतो, म्हणून फक्त ‘ॲक्टिव्ह फोलेट’ घ्या. नाहीतर रोज केळी खा. खाली विक्रेत्याचा नंबर. माझं मेडिकल आहे. महागडी बाटली खपली तर मला चार पैसे जास्तच सुटतात, तरी लिहितोय.

केमिकलचं आधी. फॉलिक ॲसिड म्हणजे फोलेट या जीवनसत्त्वाचं (बी-९) गोळीतलं रूप, ते कारखान्यात बनतं, कबूल. ॲक्टिव्ह फोलेट म्हणजे एल-मिथाइलफोलेट, तेही कारखान्यातच बनतं, आणि सहसा फॉलिक ॲसिडपासूनच.

‘अंगी लागत नाही’ यात मात्र अर्धवट सत्य आहे, म्हणून लोक फसतात. फॉलिक ॲसिड पोटात गेलं की डीएचएफआर नावाचं एन्झाइम त्याचं टेट्राहायड्रोफोलेट करतं. पुढे एमटीएचएफआर हे दुसरं एन्झाइम त्यातून मिथाइलफोलेट तयार करतं. रक्तात फिरणारं फोलेट मुख्यतः हेच. काहींना एमटीएचएफआरच्या जनुकातला बदल आई-बाप दोघांकडून आलेला असतो, त्यांचं हे काम मंदावतं. पण बंद पडत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या आकड्यानुसार, तेवढंच फॉलिक ॲसिड घेऊन अशा लोकांच्या रक्तातलं फोलेट इतरांपेक्षा साधारण १६ टक्के कमी भरतं. आणि असे लोक मेक्सिको-इटलीकडे बरेच, आपल्याकडे थोडेच. ‘निम्मे’ म्हणायला एकाच पालकाकडून बदल आलेलेही धरावे लागतात, तेही युरोपातले.

उलट मेसेजवाल्याने एक गोष्ट गिळली. मिथाइलफोलेट पेशीत गेल्यावर आपला मिथाइल गट होमोसिस्टीन नावाच्या अमिनो ॲसिडला देतं, तेव्हा कुठे ते डीएनए बनवायच्या कामाला मोकळं होतं. ही देवघेव बी-१२ शिवाय होत नाही. बी-१२ मिळतं मांस-अंडी-दुधातून, आणि आपल्याकडच्या माळकरी घरांत दूधही चहापुरतंच. तिथे बी-१२ कमी असेल तर ही महागडी गोळी वाटेतच अडकणार. हातापायांना मुंग्या येत असतील तर आधी बी-१२ तपासा, दोन्हीपैकी कुठलंही फोलेट त्यावर इलाज नाही.

फोलेटने बाळाच्या मणक्याचं जन्मजात व्यंग टळतं म्हणतात, त्याचा पुरावा कशाचा? फॉलिक ॲसिडचा. आधी असं बाळ झालेल्या बायकांवर ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने चाचणी केली, तिचा निकाल १९९१ साली आला: रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिडने पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. मिथाइलफोलेटने रक्तातली पातळी वाढते, पण व्यंग टाळून दाखवणारी अशी चाचणी त्याच्या नावावर नाही.

तक्रार करायचीच तर वेळेची करा. गर्भाची मज्जानलिका (हिच्यातूनच मेंदू आणि मणक्यातला मज्जारज्जू बनतो) गर्भ राहिल्यापासून २८ व्या दिवसापर्यंत मिटते, तेव्हा सुनेची पाळी नुकती चुकलेली असते. लाल गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) रोज सुरू होते चौथ्या महिन्यापासून. म्हणून नुसत्या फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याआधीपासून हवी. आमच्या काउंटरवर ती मागायला येतात तिसऱ्या महिन्यात.

कॅन्सरचं थोडक्यात: मोठा डोस घेतला की थोडं न बदललेलं फॉलिक ॲसिड रक्तात दिसतं, पण त्याने अपाय होतो हे सिद्ध झालेलं नाही. २०१३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात फॉलिक ॲसिडच्या १३ चाचण्यांचा, जवळपास ५० हजार लोकांचा हिशेब आला. कॅन्सरमध्ये ठळक वाढ दिसली नाही.

केळी? रावेरच्या केळीचा अभिमान मलाही आहे. पण १०० ग्रॅममध्ये फोलेट २० मायक्रोग्रॅमच्या आसपास. ४०० साठी रोज दोन किलो खावी लागतील. त्यापेक्षा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी न् तुरीची डाळ बरी.

मला खरी धास्ती धडगाव-अक्कलकुव्याकडच्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पोरांची वाटते. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, नव्या बनवायला फोलेट जास्त लागतं, म्हणून फॉलिक ॲसिड रोज दिलं जातं. एका आजीने मेसेज दाखवून विचारलं, “भाऊ, ह्या गोया पोरले देऊ का नही?” म्हटलं, द्या, एकही दिवस चुकवू नका.

तयार स्वरूपातलं फोलेट खरंच लागतं अशीही जागा आहे. कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट हे औषध मोठ्या डोसात देतात तेव्हा ते डीएचएफआरच रोखून धरतं. तिथे फॉलिक ॲसिड कुचकामी, फोलिनिक ॲसिड द्यावं लागतं. कधी आणि किती, ते डॉक्टर रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासून ठरवतात.