ग्रॅच्युइटीचं राहिलंच की

शिक्षिकांच्या संघटनेचे फायदे म्हणून लेखात ओळखी, वर्कशॉप आणि सर्टिफिकेट एवढंच आलंय, पण ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, मिळवून देण्याचा खरा फायदा तर राहूनच गेला ना! मी इथे इंदूरला एका प्रायव्हेट शाळेत ११ वर्षं गणित शिकवलं, सोडताना अकाउंट्सवाले म्हणाले मॅडम टीचर्सना ग्रॅच्युइटी नसते, आणि मी मुकाट्याने सही करून घरी आले. गणिताची बाई असून!

मग आमच्या शिक्षिका मंडळाच्या मीटिंगमध्ये, म्हणजे सुदामा नगरात एकीच्या गच्चीवर पोहे खाता खाता, विषय निघाला तर एक रिटायर्ड ताई म्हणाल्या, अगं २००९ साली कायदा बदलून टीचर्सनाही ग्रॅच्युइटी दिली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून लागू, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम ठेवला. पेपर नॅपकिनवरच हिशोब मांडला त्यांनी, शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६ दिवस, गुणिले १५ दिवस, गुणिले ११ वर्षं. माझे १ लाख ६५ हजार निघाले. दुसऱ्या दिवशी दोघी जणी सोबत आल्या अर्ज द्यायला, एकटी असते तर गेटवरूनच परतले असते. सर्टिफिकेटं काय, कपाटात पडलीच आहेत ढीगभर.