मी निवडलेली दुर्बीण

गेल्या शनिवारी फोर्टातल्या एका दुकानात दीड तास उभे राहून मी एक उत्तम दुर्बीण निवडली आणि ती माझ्या देखत दुसऱ्याच एका गृहस्थांनी विकत नेली. या गोष्टीला आज पाच दिवस झाले. राग निम्मा ओसरला आहे, उरलेला निम्मा येथे उतरवून ठेवतो.

शहराबाहेर वांगणीच्या आकाशदर्शनात कोणीतरी आपली द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायची दुर्बीण, दोन मिनिटे माझ्या हाती दिली आणि नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ मला दिसला, एवढीच यामागची हकीकत. मोठ्या टेलिस्कोपच्या नादी न लागता आधी हातात धरायची दुर्बीण घ्यावी, असे तिथल्या जाणत्यांनी बजावले होते. त्यामुळे आठवडाभर वाचन करून, खिशात चिठ्ठी आणि सहा इंची पट्टी घेऊन मी दुकानात शिरलो.

दुकानदाराने प्रथम काढली ती २० ते ५० पट झूमची, लालभडक भिंगांची दुर्बीण. या शहरात दुर्बीण आकड्यावर विकली जाते. आकडा जितका मोठा तितका माल भारी, हा हिशेब दुकानदाराला सोयीचा आणि गिऱ्हाइकाला महाग पडतो. हातात धरलेल्या दुर्बिणीत प्रतिमा जितक्या पट मोठी होते तितक्याच पट हाताचे थरथरणेही मोठे होते, आणि १० पटींच्या पुढे तारा टिंबासारखा न दिसता गांडुळासारखा वळवळू लागतो. लाल लेपाची भिंगे तर तांबडा प्रकाश बाहेरच परतवून लावतात. हे सारे मी दुकानदाराला समजावून सांगितले. ऐकले मात्र शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी.

ते रिमोटचे सेल घ्यायला आले होते. हातातल्या कापडी पिशवीतून दुधी भोपळ्याचे टोक बाहेर डोकावत होते. सेल मिळाले होते, पैसे देऊन झाले होते, तरी ते गेले नाहीत. उलट भोपळा काउंटरवर आडवा ठेवून त्यांनी मला विचारले, "मग चांगली कोणती?"

इथे माझी चूक झाली. समोरच्याला खरोखर जाणून घ्यायचे आहे असे वाटले की मला राहवत नाही. मी त्यांना सांगितले की १०×५० यातला पहिला आकडा वर्धनाचा, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते त्याचा, आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापाशी बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ७×५० मधून ती ७ मिलिमीटरच्या आसपास येते, पण अंधारात इतकी मोठी होणारी डोळ्याची बाहुली तरुणांची असते. पन्नाशीनंतर ती साधारण ५ वरच थांबते आणि वरचा प्रकाश वाया जातो.

"म्हणजे यंत्राचं भोक सात आणि आपलं पाच," ते म्हणाले. "पाइप मोठा नि बादलीचं तोंड लहान. अर्धं पाणी मोरीत."

आठवडाभर वाचून मला जे समजले होते, ते या माणसाने भोपळ्यावर हात ठेवून अर्ध्या मिनिटात सांगितले. मी पट्टी परत खिशात घातली.

"चंद्रावरचा तो झेंडा दिसतो का हिच्यातून?"

"नाही."

"शनीचं कडं?"

"नाही. त्याला वर्धन जास्त लागतं."

"मग दिसतं काय?"

"गुरूचे चार चंद्र दिसतात," मी जरा ठसक्यात म्हणालो. "गॅलिलिओनं १६१० साली पाहिले होते ते."

"मग झालेत की पाहून."

मी देवयानी दीर्घिकेकडे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या एका ताराविश्वाकडे वळलो. तिचे अंतर २५ लाख प्रकाशवर्षे म्हणजे काय, हे मी हातवारे करून सांगितले. ते मान डोलावत होते. शेवटी त्यांनी विचारले, "आणि ती दिसते कशी?" खोटे बोलवेना. "पुसट डागासारखी," मी म्हणालो. त्यावर त्यांनी दुकानदाराकडे असे पाहिले, की रुग्णाचे नातेवाईक एकमेकांकडे तसे पाहतात.

तोवर खालच्या खणातून १०×५० ची एक दुर्बीण निघाली होती. एकच नग, किंमत सहा हजार दोनशे. मी ती हातभर लांब धरून उजेडाकडे वळवली आणि मागच्या भिंगात तरंगणारे प्रकाशाचे वर्तुळ पाहिले. आत प्रकाश वळवणाऱ्या लोलकाची काच हलकी असेल तर त्या वर्तुळाच्या कडा करड्या पडून ते चौकोनी दिसू लागते. हे पुरीसारखे गोल होते. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पांढरे न दिसता हिरवट-जांभळे दिसले, म्हणजे लेपही ठीक होता. मात्र पट्टा विरलेला होता आणि एका डोळ्याचे रबर सैल होते, तेही मी मोठ्याने बोलून दाखवले.

आता दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का, एवढेच पाहायचे राहिले होते आणि त्यासाठी लांबची वस्तू हवी होती. दुकानदाराने रस्त्यापर्यंत जाऊ दिले खरे, पण सोबत पोऱ्या दिला आणि पट्ट्याचे एक टोक त्याच्या हाती दिले. दुसरे माझ्या गळ्यात. अशा रीतीने, फिरायला काढलेल्या कुत्र्यासारखा, मी भर दुपारी फुटपाथवर उभा राहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे घड्याळ न्याहाळत होतो. काटे एकावर एक दोन दिसले असते तर लोलक सरकलेले. दिसले नाहीत. वाटेत थांबलो म्हणून तिघांनी धक्के मारले आणि एकाने वर कोण आहे म्हणून आकाशात पाहिले. वर पाहण्यासारखे या शहरात शिल्लक तरी काय आहे? समोरच्या इमारतीवरचा जाहिरातीचा फलक रात्री बारापर्यंत माझ्या गच्चीवर उजेड ओततो, आणि अंधार विकत घ्यायला वांगणीपर्यंत लोकल पकडावी लागते.

परत आलो तेव्हा किमतीत काही कमी होईल का, असे विचारले. "फिक्स रेट, साहेब." मी घरी फोन करावा म्हणून दारापाशी गेलो. तीन मिनिटे, फार तर चार.

वळून पाहतो तो गृहस्थ नोटा मोजत होते. पट्टा विरला आहे, रबर सैल आहे, ही माझीच वाक्ये त्यांनी माझ्याच क्रमाने वापरली होती आणि पाचशे रुपये कमी करून वर नवा पट्टा मिळवला होता.

"तुम्हीसुद्धा आकाश बघता?" मी कसेबसे विचारले.

"छे हो. चौथ्या मजल्यावर राहतो. समोर बेस्टचा स्टॉप आहे. बसचा नंबर वरूनच वाचला की मग खाली उतरायचं. गुडघे दुखतात."

दुकानदार म्हणाला की नवा माल पुढच्या महिन्यात येईल. पुढच्या महिन्यात पाऊस येतो आणि आकाश थेट दसऱ्याच्या सुमारास उघडते.

बाहेर पडलो तर ते फुटपाथवर थांबले होते. डावा डोळा आणि उजवा डोळा यांचे नंबर वेगळे आहेत, तर काय करायचे, असे विचारू लागले. मी निघून जायला हवे होते. त्याऐवजी भोपळा हाती धरून मी त्यांना समजावले, की उजवा डोळा मिटून मधले चाक फिरवायचे, मग डावा मिटून उजव्या नळीवरचे कडे फिरवायचे आणि ती खूण लक्षात ठेवायची. त्यांनी तसे केले आणि सिग्नलला थांबलेल्या बसवर दुर्बीण रोखली.

"वा! पाटीवरचा चिखलसुद्धा दिसतो," ते म्हणाले आणि भोपळा परत घेताना पुढे म्हणाले, "तुम्हीही घेऊन टाका एखादी. फार विचार करत बसता."