फेस आला, मळ तिथेच राहिला

“व्हॅक्यूम नको, मशीन नको. गालिच्यावर खाण्याचा सोडा पसरा, वरून व्हिनेगर ओता. फेस आला की कडक ब्रशने खसाखसा घासा आणि बादलीभर गरम साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. वर्षानुवर्षांचा मळ अर्ध्या तासात वर येतो. सगळं नैसर्गिक, म्हणून कुठल्याही गालिच्याला चालतं.”

हा मजकूर आणि सोबत फेसाळणाऱ्या गालिच्याचा व्हिडिओ माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. गालिचा घरी साफ करता येतो यात वाद नाही, मी स्वतः कित्येक वर्षं करते. पण या कृतीतली जवळपास प्रत्येक पायरी चुकलेली आहे, आणि त्यातल्या दोन पायऱ्या करून मी एक चांगला गालिचा वाया घालवला आहे. म्हणून ओळीने बघू.

“फेस मळ वर आणतो.” सगळा व्हिडिओ या एका दृश्यावर उभा आहे. सोडा आम्लारी, व्हिनेगर आम्ल. एकत्र आले की दोघं एकमेकांना निकामी करतात. मागे उरतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचा क्षार, आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. फेस म्हणजे तो उडून जाणारा वायू. शीतपेयाची बाटली उघडल्यावर जो फसफसतो तोच, आणि त्याने बाटली कधी धुतली जात नाही! हिशेबही करून बघा. ८४ ग्रॅम सोडा पुरता संपवायला ६० ग्रॅम ॲसेटिक आम्ल लागतं. घरातल्या व्हिनेगरमध्ये ते साधारण ५ टक्के असतं, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास व्हिनेगर ओतावं लागेल. व्हिडिओतली बाई वाटीभर शिंपडते. तेवढ्यात व्हिनेगर संपतं आणि उरलेला सोडा ओल्या पिठासारखा लवेच्या, म्हणजे गालिच्याच्या उभ्या धाग्यांच्या, मुळाशी जाऊन बसतो. वाळल्यावर तो पांढरा थर काढणं हे नवीनच काम होऊन बसतं.

गंमत अशी, की वेगवेगळे वापरले तर दोघंही कामाचे आहेत. कोरड्या गालिच्यावर सोडा अगदी हलका भुरभुरून काही तास ठेवला तर आंबूस वास ओढून घेतो (हलकाच, कारण ही बारीक पूड व्हॅक्यूमचा फिल्टर तुंबवते). चहा-कॉफीच्या डागावर एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी फडक्याने लावून टिपलं तर डाग बऱ्यापैकी उतरतो. एकत्र केले की मात्र दोन्ही गुण जातात.

“व्हॅक्यूम नको.” खरं तर इथेच सगळ्यात जास्त मेहनत घ्यायला हवी. गालिच्यातला बहुतेक मळ कोरडा असतो: माती, वाळूचे कण, त्वचेचा कोंडा, कपड्यांचे तंतू. तो कोरडा असेपर्यंत निघतो. त्यावर पाणी पडलं की त्याचा चिखल होतो आणि तो आणखी खाली उतरतो. वाळूच्या कणांना धारदार कडा असतात. वर चालताना ते लवेचे धागे मुळाशी कापत राहतात, म्हणून येण्याजाण्याच्या वाटेवरचा गालिचा आधी विरतो. सुटा गालिचा असेल तर तो पालथा घाला, मागून व्हॅक्यूम फिरवा किंवा चांगला बडवा, मग उचलून खाली जमिनीवर काय पडलं ते बघा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओशाळले होते. नंतर सरळ बाजूने, सावकाश, उभं आणि आडवं. व्हॅक्यूम नसेल तर बडवणं आणि झाडणं हे जुनं तंत्र अजून तितकंच खरं आहे. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने धूळ फुंकण्याऐवजी ओढून घेणारं यंत्र आणलं. त्यातही पाणी नव्हतं, साबण नव्हता, होती फक्त ओढ.

“कडक ब्रशने खसाखसा घासा.” नको. घासल्याने डाग पसरतो आणि धाग्याचा पीळ सुटतो. पीळ सुटलेली जागा डाग गेल्यावरही वेगळी, केसाळ दिसते आणि ते पुन्हा नीट होत नाही. पांढरं सुती फडकं घ्या, डागाच्या कडेकडून मध्याकडे दाबत टिपा, फडक्याची बाजू बदलत राहा.

“गरम पाणी.” तेलकट डागाला कोमट पाणी मदत करतं, हे मान्य. पण रक्त, दूध, अंडं यांच्यातली प्रथिनं उष्णतेने गोठतात आणि धाग्याला चिकटून बसतात. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, तसंच. त्यांना थंड पाणीच. आणि लोकर ओली, गरम आणि वर घासलेली, असं तिन्ही एकदम झालं की ती आक्रसून नमद्यासारखी (दाबून केलेल्या लोकरी कापडासारखी) घट्ट होते.

“बादलीभर साबणाचं पाणी.” माझा गालिचा इथे गेला. फिक्या रंगाचा, मागे तागाचं अस्तर. डाग लहान होता, पाणी मी भरपूर ओतलं, वरून घासलंही. संध्याकाळी गालिचा लख्ख. सकाळी डाग परत, आणि भोवती पिवळट-तपकिरी वलय. डाग परत आला कारण वाळताना पाणी लवेच्या टोकांकडून उडतं आणि तळाचं पाणी मळासकट वर चढत राहतं, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं. वलय तागाचं होतं: ताग जास्त भिजला की त्यातला रंगद्रव्याचा अंश सुटतो आणि वर येतो. मी ते घालवायला पुन्हा पाणी ओतलं. पुढचं सांगत नाही.

यंत्राने धुणाऱ्यांचं पाणी गरम असतं, मान्य, पण ते यंत्र पाणी सोडता सोडता लगेच ओढून घेतं. आपल्या बादलीला ती सोय नाही. म्हणून पाणी फवाऱ्याने, कमी. कपभर पाण्यात पाव चमचा भांडी घासण्याचं सौम्य द्रव पुरतं. जास्त साबण धुऊन निघत नाही, चिकट राहतो, आणि महिनाभरात तीच जागा आजूबाजूपेक्षा काळी पडते. लोक म्हणतात गालिचा धुतला की लवकर मळतो, त्याचं कारण बहुधा हेच. शेवटी साध्या पाण्याने टिपायचं, मग जाड कोरडा टॉवेल घालून वर वजन ठेवायचं, म्हणजे वर चढणारं पाणी टॉवेलमध्ये जातं. खालची बाजू उचलून पंखा लावा. २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळलं नाही तर बुरशी आणि कुबट वास आलाच म्हणून समजा.

“कुठल्याही गालिच्याला चालतं.” मागच्या बाजूचा एखादा धागा काढून, सिंकवर चिमट्यात धरून जाळून बघा. जळक्या केसांचा वास आणि चुरगळणारी राख असेल तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन-पॉलिएस्टरसारखा कृत्रिम धागा. कागदासारखा जळला तर सुती किंवा व्हिस्कोस. चमकदार गालिचा असा जळला तर सावध राहा, व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते. रंगासाठी ओलं पांढरं फडकं कोपऱ्यावर दहा मिनिटं दाबून ठेवा. फडक्यावर रंग उतरला तर तो गालिचा घरी भिजवू नका.

हे लिहीत असतानाच त्या मजकुराची वाढीव आवृत्ती आली: “जिद्दी डाग असेल तर व्हिनेगरमध्ये थोडं ब्लीच मिसळा.” हे कृपा करून कुणी करू नका. कपड्यांच्या ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, जो फुप्फुसांना इजा करतो. शिवाय नुसतं ब्लीचही लोकर आणि रेशमाचे धागे विरघळवतं. कुणी मिसळून बसलंच असेल तर वर पाणी किंवा सोडा ओतत थांबू नका. सगळ्यांना घेऊन खोलीबाहेर पडा, जाताजाता हाताशी असलेली खिडकी उघडा, आणि खोकला किंवा डोळ्यांची आग थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा.