भुईमुगावर भुईमूग : हा सल्ला पाठवणाऱ्यांना बेवड कळलेला नाही

मामांनी परवा एक मेसेज पुढे पाठवला. ‘भुईमूग आपलं खत आपणच बनवतो. दरवर्षी त्याच रानात घ्या, जमीन सुधारतच जाईल. जिप्समची गरज नाही. रोगाची भीती वाटली तर बियाण्याला बुरशीनाशक चोळा. अमेरिकेत कार्व्हर यांनी भुईमुगानेच जमिनी वाचवल्या. फेरपालट हा खतकंपन्यांचा डाव आहे.’ मामांच्या त्या तुकड्यात सलग दोन हंगाम भुईमूग झालाय आणि तिसऱ्यासाठी त्यांनी शेंगा फोडून ठेवल्यात. म्हणून तातडीने लिहितोय.

नत्राचं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. एकदा भुईमूग झालेल्या रानात ते टिकूनही राहतात. पण तो नत्र जातो कुठे? दाण्यात साधारण पाव हिस्सा प्रथिनं असतात, म्हणजे नत्र सुमारे ४ टक्के. १० क्विंटल दाणे घरी आले की ४० किलोच्या आसपास नत्र रानाबाहेर गेला. वेल मुळासकट उपटून पाला गुरांना घातला तर आणखी गेला. स्फुरद आणि पालाश तर हवेतून येतच नाहीत. मागे जे उरतं त्याला आपण बेवड म्हणतो, आणि तो पुढच्या वेगळ्या पिकाच्या कामाचा. मका, ज्वारी त्यावर जोमाने येतात. भुईमुगाला स्वतःच्या बेवडातून नत्राचा फारसा फायदा नाही, कारण तो नत्र त्याला तसाही बांधता येतो. वाट्याला येतात फक्त मागचे रोग.

या मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा बुरशीनाशकाचा. चोळलेलं औषध बी आणि कोवळं रोप सांभाळतं, काही आठवडे. स्क्लेरोशियम नावाच्या बुरशीची खोडकूज बहुतेकदा त्यानंतर येते, फांद्या एकमेकींत मिसळून जमीन झाकली गेली आणि आऱ्या (फुलानंतर मातीत शिरून शेंग धरणारे देठ) खाली उतरल्या की. बुडाशी पांढरे तंतू दिसतात, फांदी सुकते, आऱ्या कुजतात, उपटताना शेंगा मातीतच तुटून राहतात. मग त्या तंतूंवर मोहरीएवढे तपकिरी गोळे तयार होतात. हे गोळे जमिनीत तीन-चार वर्षंही जिवंत राहू शकतात. पुन्हा भुईमूग पेरला की त्यांना आयतं खाद्य मिळतं आणि गोळे वाढतात. खोल नांगरटीने ते गाडले जातात हे खरं, पण पुढच्या नांगरटीत त्यातले काही परत वर येतात. मका, ज्वारीसारख्या पिकांवर ही बुरशी फारशी पोसत नाही. सोयाबीनवर मात्र पोसते, त्यामुळे सोयाबीन घेऊन ‘फेरपालट केली’ म्हणण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाने शेजारच्या विद्यापीठांबरोबर ‘पीनट आरएक्स’ नावाची रोगजोखमीची गुणपद्धत केली आहे. जितके गुण जास्त, तितका धोका जास्त. त्यात दोन भुईमुगांमध्ये किती वर्षं गेली हे विचारतात. एकही वर्ष गेलं नसेल तर पानांवरचे ठिपके आणि खोडकूज या दोन्हींसाठी त्या रकान्यातले सर्वाधिक गुण, तीन किंवा जास्त वर्षं गेली असतील तर सर्वात कमी.

टिक्क्याचं, म्हणजे पानांवरच्या ठिपक्यांच्या रोगाचंही तेच. रानात राहिलेला पाला आणि आपोआप उगवलेली रोपं, यांवरून तो नव्या पिकावर येतो.

जिप्सम (कॅल्शियम देणारं खनिज) : वाढत्या शेंगेला लागणारा कॅल्शियम मुळांकडून पुरेसा मिळत नाही, शेंग तो भोवतालच्या मातीतून थेट घेते. वरच्या थरात तो कमी पडला की शेंगा पोचट. जमिनीत भरपूर असेल तर जिप्सम नको, पण ते माती तपासून ठरवायचं.

अमेरिकेतले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं नाव ओढलेलं पाहून तर संताप आला. अलाबामा राज्यातल्या टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत काम करताना त्यांनी पाहिलं की वर्षानुवर्षं कापसावर कापूस घेऊन जमिनी दमल्या आहेत. त्यांनी भुईमूग, चवळी सांगितली ती कापसाशी आलटून पालटून घ्यायला. आयुष्यभर एकाच पिकाच्या हट्टाविरुद्ध बोललेल्या माणसाच्या नावावर हा सल्ला खपवतात!

आणि कंपन्यांचा डाव? बेवडामुळे पुढच्या पिकाला नत्रखत कमी लागतं. यात खतकंपनीचा कसला फायदा?

मामा, फोडलेलं बियाणं वाया जाणार नाही. दुसऱ्या तुकड्यात, जिथे गेली तीन वर्षं भुईमूग झालेला नाही, तिथे पेरा. या तुकड्यात मका घ्या. आणि ज्यांनी तुम्हाला हा मेसेज पाठवला त्यांना हे सगळं आजच पाठवा.