खुलासा: आफ्रिकी कादंबऱ्यांतले म्हातारे नुसते ‘शहाणे आजोबा’ नाहीत

आफ्रिकी कादंबऱ्यांतली म्हातारी माणसं म्हणजे झाडाखाली बसून शहाणपण वाटणारे आजोबा, असा एक मेसेज फिरतोय. सोबत ‘म्हातारा गेला की ग्रंथालय जळतं’ ही ‘आफ्रिकी म्हण’. मुळात ही जुनी म्हणच नाही. मालीचे लेखक आमादू हाम्पाते बा यांनी १९६० साली युनेस्कोत मांडलेल्या विचाराचं ते सुटसुटीत रूप आहे, आणि त्यांचा रोख मौखिक परंपरा वाचवण्यावर होता.

आता कॅमेरूनच्या फेर्दिनां ओयोनोंच्या १९५६ च्या कादंबरीतला म्हातारा मेका बघा. जमीन मिशनला दिली, दोन मुलं फ्रान्ससाठी लढताना गेली. बदल्यात फ्रेंच राजवटीकडून एक पदक. ते घ्यायला तो भर उन्हात, चुन्याने आखलेल्या वर्तुळात, चावणारे बूट घालून, लघवी दाबून उभा! त्याच रात्री पदक हरवतं आणि पोलीस त्यालाच कोठडीत टाकतात. पूज्य वगैरे राहू द्या.

डायस्पोरात, म्हणजे परदेशी स्थायिक झालेल्या आफ्रिकी लोकांत, सारा लाडिपो मन्यिकांच्या कादंबरीतली (२०१६) मोरायो बघा: पंचाहत्तरीला टेकलेली निवृत्त नायजेरियन प्राध्यापिका, सॅन फ्रान्सिस्कोत एकटी, जुनी पोर्शे हाकणारी.

शहाणे वृद्ध आहेतच. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेंच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ कादंबरीतला गावचा वृद्ध एझेउदू नायक ओकोंक्वोला बजावतो, तुला बाप म्हणणाऱ्या त्या पोराच्या हत्येत हात घालू नकोस. ओकोंक्वो ऐकतो कुठे?