‘गणिताचं डोकं’ आणि तो फिरता मेसेज

दहावीचा निकाल लागला की पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. सार असं: गणिताला डोकं लागतं आणि ते जन्मतःच असतं, पूर्वी पाढे पाठ आणि पाठीत धपाटे, म्हणून सगळ्यांना गणित यायचं, आता काड्या-मणी आणि एकवीसला ‘वीस एक’ म्हणणं असले लाड चालतात, त्यापेक्षा हुशार मुलांची तुकडी वेगळी करा. खाली पुरावा म्हणून रँग्लर परांजप्यांचं नाव. मी तिसरी-चौथीला शिकवते, तेव्हा एकदा सविस्तर उत्तर देऊन टाकते.

आधी ते ‘सगळ्यांना यायचं’. सगळे म्हणजे कोण? १९५१च्या जनगणनेत देशात साक्षर होते १८.३३ टक्के, बायकांमध्ये नऊ टक्क्यांहूनही कमी. र. पु. परांजपे १८९९मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, त्यांचा अभिमान आहेच. पण ज्यांना गणित आलं नाही ते शाळा सोडून गेले आणि ज्यांना शाळाच दिसली नाही ते मोजलेच गेले नाहीत. उरले त्यांना येणारच की!

आता ‘डोकं’. मंडईत आईच्या गाळ्यावर बसणारी मुलगी शंभराच्या नोटेतून त्र्याहत्तर वळते करून सत्तावीस रुपये हातावर ठेवते, कागद न घेता. तीच मुलगी वहीत ५२ − २७ = ३५ लिहिते. लाल फुली मारून पुढे गेलं की मेसेजवाल्यांचं म्हणणं खरं ठरलं! ‘कसं काढलंस गं?’ असं विचारलं तर कळतं, दोनातून सात जात नाहीत म्हणून तिनं सातातून दोन काढले, मग पाचातून दोन. नियम चुकीचा आहे, पण नियम आहे. गाळ्यावर ती वजाबाकी करतच नाही, पुढे मोजते: त्र्याहत्तरचे ऐंशी व्हायला सात, वर वीस. तेच इथे कर म्हटलं की सत्तावीसचे तीस व्हायला तीन, मग वीस, मग दोन. पंचवीस.

हा काही एकट्या मंडईतला चमत्कार नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची पाहणी केली; ती २०२५मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आली. अवघड हिशेब तोंडी करणारी ही मुलं शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या त्याहून सोप्या गणितांत अडली. आणि नुसत्या शाळेत जाणारी मुलं बाजारच्या तोंडी हिशेबात अडखळली. ‘जन्मजात’वाल्यांनी यातल्या कुणाला डोकं आहे म्हणायचं?

‘वीस एक’वर तर विधानसभेतही टिंगल झाली. २०१९चं बालभारतीचं दुसरीचं पुस्तक. एकवीस हा शब्दच काढून टाकला, असं मेसेज सांगतो. साफ खोटं, दोन्ही वाचनं दिलेली होती. समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर, स्वतः गणिती. त्रेसष्ट ऐकताना तीन आधी येतो, लिहिताना सहा. म्हणून श्रुतलेखनात ३६ येतं. एकोणसाठ सांगा, साठ ऐकून पोर बिनदिक्कत ६९ लिहितं. आमच्याकडे कलबुर्गी-यादगीरकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुलं असतात. कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे वीस आधी, एक मागून. ती मुलं घरी सरळ बोलतात आणि वर्गात उलटं ऐकतात. त्यांना ढ ठरवायला एक श्रुतलेखन पुरतं. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात, आणि तिथल्या मुलांच्याही अशाच उलटापालटीच्या चुका संशोधकांनी नोंदवल्या आहेत. ‘मग आम्ही नाही का शिकलो?’ शिकलात. दिवेलागणीला तुमच्या घरी कुणीतरी परवचा म्हणवून घेत होतं.

पाढ्यांबद्दल मात्र मेसेजचं बरोबर आहे. पाठ हवेतच. सात आठे छप्पन्न चटकन आठवलं नाही तर भागाकारात मूल पाढ्यातच अडकून बसतं. पण काड्या हे लाड कसे? दहाचा गठ्ठा रबर काढून सोडला की ५२मधल्या दोनाचे बारा कुठून झाले ते डोळ्यांना दिसतं. धपाट्यांना २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंदी आहेच. शिवाय फळ्यासमोर थरथरणाऱ्या मुलाचं निम्मं लक्ष बाईंच्या हाताकडे असतं.

राहिली वेगळी तुकडी. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या पद्धतीत, मुलाला काय येतं त्यावरून गट असतात, पण दिवसातले एक-दोन तास, आणि मूल पुढे सरकलं की गट बदलतो. जूनमध्ये ‘ड’मध्ये टाकलेलं मूल मार्चपर्यंत ‘ड’च राहतं, हा प्रकार निराळा. शिवाय ‘ड’मध्ये कुणाची मुलं बसतात ते पटावर बघावं, मी कशाला सांगू.

‘पण हुशार मुलांचं नुकसान होतं त्याचं काय?’ प्रश्न रास्त आहे. सगळ्यांना एकच साचेबंद गणित दिलं तर होतंच. म्हणून ‘९१ − ४३ करा’च्या ऐवजी मी ‘उत्तर ४८ येईल अशा वजाबाक्या करा’ असं देते. कुणी ५० − २ लिहितं, कुणी १००० − ९५२. ‘बाई, अशा एकूण किती?’ असं कुणीतरी विचारतंच, आणि मग पुढच्या बाकावरच्यांनाही तास पुरत नाही.